तळ्यावरची साय

मोरगव्हाणच्या तलावावरून पहिल्यांदा चालत गेली ती एक शेळी.

मालक तिला शोधत काठावर आला, तर ही बया तलावाच्या मधोमध उभी राहून निवांत रवंथ करत होती. खाली पाणी, वर शेळी आणि मध्ये काळे प्लास्टिकचे चेंडू. मालकाने आधी डोळे चोळले, मग फोन काढला. सूर्य डोक्यावर यायच्या आत ती शेळी जिल्हाभर पोचली. संध्याकाळी कुत्री गेली, मग पोरं गेली, मग पोरांना ओरडायला गेलेले बाप तिकडेच रमले. दुसऱ्या दिवशी तर बायका डबे घेऊन निघाल्या. सातपुड्याच्या पायथ्याला उभा जन्म उन्हात काढलेल्या माणसांना पाण्यावर पाय ठेवायला मिळतोय म्हटल्यावर कोण सोडतंय?

चेंडू काही नवीन नव्हते. उन्हाळा हल्ली होळीच्या आधीच पाहुणा म्हणून यायचा आणि जावई होऊन बसायचा. शाळा पहाटे भरून सकाळीच सुटायच्या. उष्म्याचा भोंगा झाला की रस्त्यावर चिटपाखरू दिसायचं नाही. तलावातलं निम्मं पाणी माणसाच्या तोंडी लागण्याआधी ऊनच पिऊन टाकायचं. म्हणून गेल्या वर्षी तलावावर पोकळ चेंडू सोडले होते. मुठीत मावणार नाहीत, ओंजळीत मावतील एवढे, आणि लाखोंनी. दुधावर साय धरावी तसे ते पाण्यावर पसरले. ऊन वरच्या वर अडलं आणि पाणी वाचलं.

हे चेंडू बनायचे गावाबाहेरच्या एमआयडीसीत, ईश्वरी फेगडेच्या मम्मीच्या कारखान्यात. म्हणजे कारखाना काही मम्मीचा नव्हता. पण हेमलताबाई फेगडे माप-विभागात उभ्या असल्या की मालकसुद्धा दारातून विचारून आत यायचा.

ईश्वरीची दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती, त्यामुळे जग आपल्याच बापाचं आहे असं तिला वाटत होतं. तिचे पप्पा केळीच्या गाडीबरोबर दिल्लीला गेले होते. घरात मायलेकी दोघीच. मम्मीचा डबा पोचवायच्या निमित्ताने ती कारखान्यात इतकी फिरली होती, की चेंडूचा जन्म तिला तोंडपाठ होता. पोकळ चेंडू एका दमात होत नाही. आधी दोन वाट्या ओतायच्या, मग त्या जोडायच्या. जोडायच्या तऱ्हा तीन. एक म्हणजे दोन्ही वाट्यांच्या कडा तापल्या पत्र्याला टेकवायच्या, लोण्यासारख्या मऊ झाल्या की पत्रा काढून एकमेकींवर दाबायच्या. दुसरी, एक वाटी घट्ट धरायची आणि दुसरी तिच्यावर गरगर फिरवायची. घर्षणाने कडा वितळतात, फिरणं थांबलं की जोड थिजतो. तिसरी अगदी चिमुकल्या चेंडूंसाठी, कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाने कडा थरथरवून वितळवायच्या. तलावाचे चेंडू दुसऱ्या तऱ्हेचे, फिरवून जोडलेले. मग जोडावर आलेली कड खरवडायची आणि चेंडू दोन उतरत्या रुळांवर सोडायचा. रुळांमधली फट पुढे पुढे रुंद होत जाते, म्हणून बारका चेंडू आधी पडतो, मधला मध्ये, मोठा शेवटी. खाली ज्याच्या-त्याच्या मापाची पेटी.

आणि तिथे मम्मी.

हेमलताबाईंचं अर्धं आयुष्य केळीच्या पॅकिंगमध्ये गेलं होतं. तिथला धर्म एकच, एका खोक्यात एकच प्रत. बारक्या फण्या मोठ्या फण्यांखाली दडवणारा माणूस म्हणजे चोर. तलावाच्या कामासाठी मात्र आदेश असा होता, की तिन्ही मापं प्रत्येक पोत्यात मिसळून भरायची. मम्मीला तो आदेशच लाजिरवाणा वाटला.

"मिसळच करायची असती तर मी हॉटेल काढलं असतं," ती ईश्वरीला म्हणाली होती. "माल कसा, मोजून एकसारखा पाहिजे. पाहणाऱ्यानं बोट ठेवायला जागा शोधावी."

तिने तिन्ही मापं वेगळी भरली. इंजिनिअर तेजल सरोदे मॅडमना वाटलं, पाण्यात ओतताना मिसळतीलच की. ओतणाऱ्यांनी पोत्यांवरचं माप पाहिलं आणि आसपासचे तलाव वाटून घेतले. बारके एका तलावाला, मोठे दुसऱ्याला. मोरगव्हाणला आले सगळे मधल्या मापाचे, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असे.

शेळीच्या चौथ्या दिवशी सकाळी हेमलताबाई स्वतः आपली कामगिरी पाहायला निघाल्या. नारिंगी साडी, डोळ्यांवर गॉगल.

"मम्मी, गॉगल?"

"ऊन आहे. आणि लोकं फोटो काढतील."

तलावावर जत्रा भरली होती. कुणी सायकल आणली होती, कुणी मधोमध चादर अंथरून पत्ते मांडले होते. ईश्वरीने पहिला पाय ठेवला तेव्हा मम्मीचा दंड धरला, दुसरा ठेवला तेव्हा हसू फुटलं. चेंडू हलत नव्हते. प्रत्येकाला सहा शेजारी, सहाही घट्ट, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी पार पलीकडच्या काठापर्यंत. तीन चेंडूंच्या मध्ये एकेक तिकोनी भोक होतं, बोट जाईल एवढं. त्यातून वाकून पाहिलं की खाली काळं पाणी डुचमळताना दिसायचं.

"फरशी बसवावी तशी बसलीय बघ," मम्मी म्हणाली. तिचा आवाज जरा ओला झाला होता. "माझ्या हातून गेलाय एकेक." आणि ती फोन उंच धरून जॅकवेलच्या दिशेने, जिथून गावाला पाणी उपसतात त्या काठालगतच्या उंच गोल विहिरीकडे, ऐटीत चालू लागली.

तेवढ्यात काठावर एक गाडी धुरळा उडवत येऊन थांबली आणि तेजल मॅडम उतरून धावत आल्या. कडेलाच गुडघे टेकून त्यांनी दोन चेंडूंच्या मध्ये नख घालून पाहिलं. नख जाईना.

"हे चिकटलेत," त्या म्हणाल्या.

"मग काय, म्हणून तर चालता येतंय," ईश्वरी हसत म्हणाली.

मॅडम हसल्या नाहीत. "ओतताना मापं मिसळली नव्हती का? हे सगळे एकसारखे कसे?"

"मम्मीने वेगळे भरले, आणि इथे सगळी मधल्या मापाचीच पोती ओतली. का?"

मॅडमच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. पुढचं त्या भराभर बोलल्या, ईश्वरीला सांगत होत्या की स्वतःला, कोण जाणे. चेंडूचं दुखणं म्हणजे त्याचा जोड. उन्हात वर्षानुवर्षं राहिला की जोडाला चीर पडते, पाणी शिरतं, चेंडू बुडतो. म्हणून हे नवं प्लास्टिक काढलं. त्याच्या रेणूंच्या साखळ्यांची टोकं मोकळी असतात, ऊन लागलं की ती समोरचं टोक शोधून हातात हात घालतात. चीर आपोआप शिवली जाते. जखम भरते तशी.

"पण त्याला काय कळणार, आपली शिवण कुठली आणि शेजाऱ्याची कुठली? जे टेकेल त्याला ते शिवत जाणार. म्हणून मापं मिसळायची होती. लहानमोठे असले की नीट रचून बसत नाहीत, वाऱ्याने सारखे एकमेकांवर घसरत राहतात, जोड धरायला वेळच मिळत नाही. एकाच मापाचे असले की..." त्यांनी समोरच्या नक्षीकडे पाहिलं. "आणि हे इथेच थांबत नाही. बरणीतल्या लिमलेटच्या गोळ्या उन्हाळ्यात आधी चिकटतात आणि मग? मग त्यांचा एक गठ्ठा होतो. भोकं बुजत जातात. सगळ्यांना उतरव. हळूहळू. पळू नका म्हणावं."

ईश्वरीने वळून पाहिलं. जॅकवेलजवळ नारिंगी साडी दिसत होती. पंप तिथलं पाणी सारखा घुसळत असायचा, त्यामुळे तिथले चेंडू कधी स्थिर झालेच नव्हते, कधी शिवले गेलेच नव्हते. वरून मात्र अगदी तशीच फरशी.

नारिंगी साडी होती. मग नव्हती.

ओरडणंसुद्धा ऐकू आलं नाही. चेंडू थोडे उसळले, खडखडले आणि पुन्हा जागच्या जागी बसले. जणू तिथे कुणी उभंच नव्हतं.

जे पळू नका म्हणून सांगायचं होतं तेच झालं. सगळा तलाव तिकडे धावला. कुणीतरी पंप बंद करायला ओरडलं, कुणी मोकळ्या चेंडूंत हात घालून ढवळू लागलं. पंप थांबला, पण तोवर पाण्याच्या घुसळणीने हेमलताबाईंना मोकळ्या चेंडूंखालून पक्क्या फरशीखाली नेलं होतं.

तेव्हा एक मुलगी किंचाळली. तिच्या पायाजवळच्या एका भोकातून बोट वर आलं होतं.

एक बोट. त्यावर मम्मीची खड्याची अंगठी. बोट हललं, वाकलं, आणि खालून आवाज आला, डब्यात तोंड घालून बोलावं तसा. "इथं आहे. मी इथं आहे व."

दहा-बारा माणसं एकदम जवळ आली. त्यासरशी आवाज गुळगुळला आणि बंद पडला. बोट ताठ झालं.

"मागे व्हा, सगळे मागे व्हा," तेजल मॅडम काठावरून ओरडल्या. "तुमच्या वजनाने झाकण खाली दबतंय. तिची हवा जातेय."

माणसं मागे सरली. भोकातून आधी खोकला आला, मग रडणं. पोकळ चेंडू हलके, पाण्यात जेमतेम बुडलेले, म्हणून त्यांच्या पोटांच्या मध्ये, पाण्याच्या वर, तळहाताएवढी हवा उरत होती. मम्मी उताणी तरंगत, नाक वर त्या फटीत खुपसून श्वास घेत होती. जो जो तिला वाचवायला जवळ जाईल तो तिला बुडवणार होता.

"जिल्ह्याहून पाणबुडे निघालेत," कुणीतरी म्हणालं.

"ऊन त्यांच्या आधी पोचेल," मॅडम हळूच म्हणाल्या. ते फक्त ईश्वरीने ऐकलं.

"मी जाते," ती म्हणाली. "मी सगळ्यांत हलकी आहे."

"चालत नको. झोपून सरपटत जा. आणि तिच्या डोक्यावर नको, बाजूला राहा."

ईश्वरी पोटावर झोपली. आतापर्यंत जे मजेचं वाटत होतं त्याला आता वास होता, तापल्या प्लास्टिकचा, आणि खालून पाणी चेंडूंना चाटताना चप् चप् आवाज करत होतं. कोपरं भाजत होती. प्रत्येक वेळी पुढे सरकली की तिला वाटायचं, आपण सरकलो म्हणून तिकडे मम्मीच्या नाकात पाणी गेलं असेल. ती थांबायची, कान द्यायची, खोकला ऐकू आला की पुढे सरकायची. शेवटी अंगठीचं बोट हाताच्या अंतरावर आलं. तिने ते धरलं. गार होतं.

"मम्मी."

"ईशे? तू कशाला आली व? मागं हो, पडशील."

"मी हलकी आहे. मलाच सोडलं."

"हलकी नाही तर काय. खाते काय तू." आवाज दातांवर दात आपटत येत होता. "अंधार आहे गं इथं. आणि वर सगळीकडे बारीक बारीक उजेड. चांदण्यांसारखा. कुठल्या बाजूनं आले तेच कळत नाही."

"तडवी काका येताहेत तुझ्याकडे. खालून."

रमजान तडवी तलावाचे रखवालदार. लहानपणापासून तापीत पोहलेला माणूस. त्यांनी जॅकवेलजवळचे मोकळे चेंडू बाजूला ढकलून दोघांच्या मदतीने पाणी उघडं केलं होतं. कमरेला एक दोर स्वतःसाठी, हातात दुसरा बाईंसाठी. ते श्वास भरून खाली गेले. ईश्वरीने बोट धरून ठेवलं. मग एकाएकी खालून चेंडूंवर धडाधड लाथा बसल्या, मम्मी किंचाळली, बोट सुटलं, पुन्हा वर आलं. तिकडे काका भसकन बाहेर आले, नाकातून रक्त.

"दोर बांधला," ते धापा टाकत म्हणाले. "कमरेला पक्का बांधला. पण बाईनं दोन्ही हातांची बोटं भोकांत घातलीत. सोडत नाही. मी सोडवायला गेलो तर लाथ घातली. जीव घाबरलाय बेटा, माझा गळा धरला असता तर दोघं गेलो असतो."

"ओढा ना मग," ईश्वरी ओरडली.

"ओढलं तर बोटं मोडतील, आणि बाई तरी तिथंच राहील. तिनं हात सोडले की झालं. दोन वाव तर अंतर आहे. डोळे मिटून उघडायच्या आत बाहेर काढतो."

दोन वाव, म्हणजे ओसरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाएवढंही नाही. ईश्वरीने गाल चेंडूला टेकवला, तोंड भोकाजवळ नेलं. आत पाहिलं तर अंधारात मम्मीचा एक डोळा दिसला, विस्फारलेला, तिच्याकडेच लागलेला.

"मम्मी, ऐक. कमरेला दोर आहे. एक मोठा श्वास घे आणि हात सोड. बस."

"नाही."

"काका ओढून घेतील. मी इथंच आहे."

"इथं श्वास आहे ईशे. तिकडं नाही." मग जरा वेळाने, लहान मुलीच्या आवाजात, "मी मघापासून सोडते आहे गं. हात ऐकत नाहीत."

गावात उष्म्याचा भोंगा वाजला. तो रोज वाजायचा, पण आज तो ऐकून ईश्वरीने मम्मीचं बोट आणखी घट्ट धरलं. ऊन आता खरं तापणार होतं. तिने मम्मीच्या बोटाकडे पाहिलं. मघाशी ते मुळापर्यंत वर येत होतं. आता दुसऱ्या पेराशी अडकलं होतं. तिला वाटलं, मम्मी थकली म्हणून. तिने आपली करंगळी शेजारच्या रिकाम्या भोकात घालून पाहिली. करंगळी गेली. तर्जनी घातली, गेली नाही.

"मॅडम," ती काठाकडे पाहून म्हणाली. आवाज तिचा तिला ओळखू आला नाही. "भोकं बारीक होताहेत."

तेजल मॅडमनी वर उन्हाकडे पाहिलं, मग रिकाम्या रस्त्याकडे. तेवढं पुरेसं होतं. बोटं आत अडकली की दोरही काही करू शकणार नव्हता. आणि त्यानंतर, पाणबुडे येईपर्यंत, नाकापाशी येणारी हवाही बंद होणार होती.

"मम्मी, आता सोडायलाच लागेल. भोक बुजतंय."

"मग दुसऱ्या भोकाशी जाते."

"सगळी बुजताहेत."

खालून आला तो फक्त श्वास, घाईघाईचा, चहा गाळताना शेवटी येतो तसा आवाज करत. बोटं आणखी घट्ट झाली, नखं पांढरी पडली. ईश्वरीला कळलं, आपण जितकं सांगू तितकी ती जास्त धरून ठेवणार. शब्दांनी हे हात सुटणार नाहीत. ते एकाच गोष्टीने सुटतील. तिथे धरून ठेवण्यासारखं काही उरलं नाही तर.

हा विचार डोक्यात आला. तिने तो दूर ढकलला. तो पुन्हा आला. मघाशी माणसं जवळ आली होती तेव्हा ऐकू आलेला तो गुळगुळ आवाज तिच्या कानात होता. तो आवाज आपण काढायचा. आपल्या हाताने. आणि हात नाही सुटले तर? दोर कुठे अडकला तर? तर मम्मीला जगातलं शेवटचं जे दिसेल ती भोकावर आलेली आपलीच सावली असेल.

"काका," ती ओरडली. "दोर ताणून धरा. मी म्हणेन तेव्हा ओढा. जोरात."

"काय करून राहिली तू बेटा?"

"धरा ना."

खालून मम्मीने विचारलं, "ईशे, काय करते?"

 मम्मीने विचारलं आणि ईश्वरीने उत्तर दिलं नाही, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं. ती सरकली. बाजूची जागा सोडून बरोबर त्या डोळ्याच्या वर आली, गुडघे जवळ घेतले आणि उठून बसली. सगळं वजन एका जागी. झाकण करकरलं आणि खाली गेलं, बोटभर, दोन बोटं. भोकांतून काळं पाणी वर आलं आणि तिच्या गुडघ्यांभोवती पसरलं.

"ईश..." एवढंच आलं. मग तो आवाज.

ती रडत होती की नाही तिला माहीत नव्हतं. तिने दोन्ही अंगठे मम्मीच्या बोटांच्या टोकांवर ठेवले आणि खाली दाबले. डोक्यावर तेल थापणारी, कान पिरगाळणारी, हजार वेळा तिच्या तोंडात घास घालणारी बोटं. ती वर यायला धडपडत होती. एक दाबलं की दुसरं यायचं. खालून डोकं चेंडूंवर आपटत होतं, ठक, ठक, तिच्या गुडघ्यांना ते कळत होतं. "सोड," ती म्हणत होती, "सोड ना, सोड," आणि दाबत होती. अंगठीचं बोट अडकलं होतं. तिने तळहाताचा सगळा जोर लावला. कातडी सोलली गेली, आणि बोट गेलं.

भोकं रिकामी झाली.

"ओढा."

काका आणि ती दोन माणसं दोर ओढत मागे रेलली. ईश्वरीच्या गुडघ्यांखालून काहीतरी घासत गेलं, चेंडूंची रांगच्या रांग खडखडली, इथून तिथवर, आणि मग सगळं शांत.  दोर ताणलेला होता आणि हलत नव्हता. ईश्वरी आपल्या हातांकडे पाहत बसली. त्यांचं काय करायचं ते तिला कळेना.

मग उघड्या पाण्यात नारिंगी रंग आला.

जॅकवेलच्या सावलीत त्यांनी हेमलताबाईंना कुशीवर झोपवलं. काकांनी पाठ दाबली. पाणी आलं, मग आणखी पाणी आलं, मग एक लांब, चिरका श्वास. बायका रडायला लागल्या. ईश्वरी सरपटतच काठाला आली. उभं राहायचं तिला सुचलंच नव्हतं. कुणीतरी तिला उचलून खाली ठेवलं, कुणीतरी पाठीवर थाप मारली, "वाघीण आहे," म्हणालं. तिने ते ऐकलं नाही.

थोड्या अंतरावर तेजल मॅडम फोनवर बोलत होत्या. "बारके चेंडू तुमच्याकडेच आहेत ना? त्यावर कुणी चाललंय का? ...किती मुलं? ...नाही, ओरडू नका. एकेकाला हळू उतरवा. बोटी थांबवा. खाली कुणी आहे का ते आधी ऐका. तलावावर कान लावून ऐका." त्यांनी फोन ठेवला, दुसरा नंबर लावला आणि पुन्हा तेच पहिल्यापासून सांगू लागल्या.

मम्मीने डोळे उघडले. तिला ते बोलणं ऐकू येत होतं. ती काही क्षण तलावाकडे पाहत राहिली. काळा, सपाट, चकचकीत तलाव, तिच्या हाताखालून गेलेला एकेक चेंडू. मग तिची नजर फिरली आणि ईश्वरीवर आली.

"मम्मी, मी..." ईश्वरी म्हणाली. 

"माहीत आहे," मम्मी म्हणाली. आवाज खरवडलेला. "बरं केलं. तू नसतं केलं तर मी गेले असते. बरं केलं माझ्या बाई."

ती मनापासून म्हणत होती. ईश्वरीला मम्मीचा खोटा आवाज ओळखता यायचा, हा तो नव्हता. तिला इतकं हलकं वाटलं की रडूच फुटलं. मम्मीच्या कपाळावर ओले केस चिकटले होते, नाकाशी फेस होता. तो पुसायला ती ओढणीचं टोक घेऊन मम्मीवर वाकली.

मम्मीचा हात झटकन वर आला. सोललेली, रक्ताळलेली बोटं तिने आपल्याच नाकातोंडावर घट्ट दाबून धरली, आणि त्या बोटांच्या वरून दोन डोळे, तेच विस्फारलेले, ईश्वरीकडे पाहू लागले.

दोघी तशाच थांबल्या.

"अगं," मम्मी हाताआडून म्हणाली, "मी मुद्दाम नाही... हा हातच..." तिने हात खाली घ्यायचा प्रयत्न केला. ईश्वरीला तो प्रयत्न दिसला. मनगटाची शीर ताठ झाली, कोपर हललं. हात निघाला नाही.

ईश्वरी हळूच मागे सरली. ओढणीचं टोक तिने शेजारच्या बाईच्या हातात दिलं. मग ती मम्मीच्या पायांच्या पलीकडे जाऊन उन्हात बसली. तिची सावली मम्मीवर पडणार नाही आणि तिचे दोन्ही हात मम्मीला सारखे दिसत राहतील, अशी.